छत्तिसांतले चार

बागबाजार, कोलकाता
गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

चि. अर्णव,

आशीर्वाद. नको असतील तर बाजूला ठेव, खराब होत नाहीत.

माझा फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजवर मला बंद करून टाकलं आहेस, म्हणून हा कागद. मराठी वाचताना तू अडखळतोस हे मला माहीत आहे. सावकाश वाच. शाळेत तुझं बंगाली आणि इंग्रजी, कॉलनीत हिंदी, आणि घरात मी तुझ्याशी मराठी बोलायचो ते बहुतेक तुझ्या चुका काढण्यासाठी, असं तुझी आई म्हणते. तिला हल्ली माझ्याबद्दल बरंच काही म्हणायचं असतं. धाप लागते म्हणून थोडक्यात म्हणते, एवढाच माझा फायदा.

पत्र तिच्या सांगण्यावरून लिहितोय. रविवारी फोनवर तिने तुला विचारलं, सहा वर्षं झाली, घरी का येत नाहीस? तू म्हणालास, "बाबांनी एकदा म्हणावं, मी चांगला खेळलो. दुसऱ्या दिवशी येतो." फोन स्पीकरवर होता. मी तिथेच बसून तिच्यासाठी डाळिंब सोलत होतो. तुला ते ठाऊक नव्हतं, किंवा असेलही. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "अहो, एक वाक्य आहे. लिहून टाका."

ते वाक्य या पत्रात नाही. उगाच शेवटपर्यंत शोधत बसू नकोस. ते का नाही हे मात्र सांगतो.

जानेवारी २०१९. चिन्मयबाबूंच्या घरी आपल्या बॅकगॅमन क्लबची वार्षिक स्पर्धा, अकरा गुणांची अंतिम फेरी, एका बाजूला मी आणि समोर तू. तुला आठवण करून देण्याची गरज नाही, पण गोष्ट कागदावर असलेली बरी. दहा-दहा अशी बरोबरी झाली. शेवटच्या डावात पटावर माझ्या दोन सोंगट्या उरल्या होत्या आणि तुझ्या चार. पुढच्या फेकीला मी सुटणार हे नक्की होतं. फासे तुझ्या हातात. एका फेकीत चारही सोंगट्या बाहेर काढायच्या तर जोडीचे फासे हवेत, तेही तिनाच्या जोडीपासून वरचे. फाशांच्या छत्तीस शक्यता, त्यांतल्या चार तुझ्या. पडले पाच-पाच.

क्लबातला सगळ्यात जुना सभासद मी, म्हणून कप द्यायलाही मीच. चाळीस माणसं टाळ्या वाजवत होती. मी माइकवर म्हणालो, "छत्तिसांतले चार! नशीब काढलंस." लोक हसले. घरी येताना टॅक्सीत तू म्हणालास, "बाबा, आज तरी म्हणा." मी म्हणालो, "सिद्ध कर." मार्चमध्ये तू बंगळुरूची नोकरी घेतलीस आणि गेलास.

आता माझी बाजू. चौतीस वर्षं मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली, शेवटची अकरा गार्डन रीचच्या मुख्यालयात. आमच्या कामात पहिला आणि शेवटचा नियम एकच. मार्ग मोकळा आहे हे सिद्ध होत नाही तोवर सिग्नल लाल. मोकळा असावा असं वाटलं म्हणून कोणी हिरवा देत नाही. मी तुला न तपासता प्रशस्तिपत्रक दिलं तर त्याला किंमत काय?

तर मी तपासणार आहे. चिन्मयबाबूंनी तो सामना वरून फोन लावून चित्रित केला होता. ती फीत त्यांनी मला पेन ड्राइव्हवर दिली आहे. एक प्रोग्राम असतो, तुला माहीत असेलच. प्रत्येक फेक आणि प्रत्येक चाल हाताने भरायची. सगळा सामना भरून झाला की तो दोन्ही खेळाडूंच्या चुका वेगळ्या काढतो आणि नशीब वेगळं काढतो. कोणाला किती बरे फासे पडले आणि कोण किती बरं खेळलं, दोन्ही दोन रकान्यांत. एकूण सतरा डाव आहेत. जे येईल ते तुला कळवीन, जसंच्या तसं.

आईची तब्येत तशी ठीक. हृदयाचं पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलं आहे असं डॉक्टर म्हणतात. त्यावरही माणसं जगतात. जिना बंद केला आहे आणि मीठ बंद केलं आहे. मीठ ती चोरून खाते.

तुझा,
बाबा


बुधवार, ३ सप्टेंबर

चि. अर्णव,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पत्र पोचल्याचं मात्र टपालाच्या वेबसाइटवर दिसलं.

नऊ डाव भरून झाले. वेळ लागतो, कारण फितीत फासे धड दिसत नाहीत. माझे डोळेही पूर्वीचे नाहीत. म्हणून तुझी आई शेजारी बसून फासे वाचते. आयुष्यात तिने या खेळाला हात लावला नाही, "तुमचा सारीपाट" म्हणून नाक मुरडायची. आता सकाळी चहा झाला की स्वतः खुर्ची ओढून बसते. "तीन-एक. थांबा, थांबा. हो, तीन-एकच." दर दहा मिनिटांनी दमते. मग मी फीत थांबवतो आणि ती पडद्याकडे बघत बसते.

फितीत चेहरे नाहीत. पट आणि हात, एवढंच. परवा ती म्हणाली, "नखं खातोय अजून." मी म्हटलं, ही सहा वर्षांपूर्वीची नखं आहेत. तर म्हणाली, "मग आत्ताची कुठे बघायला मिळतात मला?"

मला वाटतं ती फासे वाचायला बसत नाही.

गणपती दीड दिवसाचा बसवला. मोदक खालच्या मजल्यावरच्या बोशगिन्नींनी केले, आईने खुर्चीत बसून सूचना दिल्या. आकार इथल्या सिंगाड्यांसारखा, म्हणजे समोशांसारखा झाला होता. चिन्मयबाबू आरतीला आले आणि दारातूनच नेहमीसारखे ओरडले, "बोर्गी कोथाय?" मराठा लुटारू कुठे आहे. जिथून मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला होता त्या बागबाजारात मी एकटा मराठी माणूस फ्लॅट घेऊन राहतो, ही गंमत त्यांना सव्वीस वर्षं पुरली आहे. जाताना त्यांनी विचारलं, "छेले कबे आशबे?" मुलगा कधी येणार. आई म्हणाली, "यांचं काम झालं की."

निकालाचं बटण मी अजून दाबलेलं नाही. नऊ डावांचा मधला निकाल बघता येतो, पण तसं करायचं नाही असं मी ठरवलं आहे. पूर्ण झाल्याशिवाय बघायचं नाही. आईला हे पटत नाही. काल संध्याकाळी ती म्हणाली, "समजा, तो वाईट खेळला होता. तरी म्हणा. तुमचं काय जातंय?"

मी सिग्नलचं सांगायला लागलो. तिने हात वर केला. म्हणाली, "तुमचं मी चाळीस वर्षं ऐकलंय. आता माझं एक ऐका. अर्णव जिंकला की फासे जिंकतात आणि हरला की अर्णव हरतो. तुमच्या बाबतीत बरोब्बर उलटं. एवढी वर्षं बघतेय."

मी तिला म्हणालो, उदाहरण दे. तिने तीन दिली. दहावीला तुला गणितात अठ्ठ्याण्णव पडले तेव्हा मी म्हणालो होतो, पेपर सोपा होता. इंजिनियरिंगला जागा मिळाली तेव्हा म्हणालो, यंदा जागा वाढल्यात. नोकरी लागली तेव्हा म्हणालो, बाजार तेजीत आहे. मला यातलं एकही आठवत नव्हतं. तिला तारखांसकट आठवत होतं.

तिन्ही विधानं तेव्हा खरी होती, हे मात्र मी नमूद करतो.

तुझा,
बाबा


गुरुवार, २५ सप्टेंबर

चि. अर्णव,

थोडक्यात लिहितो. मंगळवारच्या पावसाने गल्लीत गुडघाभर पाणी होतं, आज ओसरलं.

काम रखडलं आहे. शेवटच्या तीन डावांची फीत खराब आहे. चिन्मयबाबूंचा फोन मध्येच हलला असावा. काही फेकी ओळखता येत नाहीत आणि अंदाजाने भरण्यात अर्थ नाही. एक फेक चुकली की पुढचं सगळं चुकतं. पुन्हा पहिल्यापासून भरावं लागेल असं दिसतं.

हा प्रोग्रामही काही देववाणी नाही. कोणीतरी लिहिलेलाच आहे. माणूस दडपणाखाली खेळतो, समोर स्वतःचा मुलगा बसलेला असतो, हे त्याला काय कळणार?

आई बरी आहे. पायांवर थोडी सूज आहे. आता ती फासे वाचायला बसत नाही, मीच नको म्हटलं.

बाबा


गुरुवार, ९ ऑक्टोबर

चि. अर्णव,

आईला काल दवाखान्यात ठेवलं आहे. फुप्फुसात पाणी झालं होतं, काढलं. लगेच धावत ये असं काही नाही. डॉक्टर म्हणतात आठवड्यात घरी सोडू. बोलते व्यवस्थित. पहिल्याच दिवशी तिने नर्सला मराठीत आणि आयामाशीला बंगालीत झापलं.

दोन डाव राहिले आहेत.

बाबा


शनिवार, १ नोव्हेंबर

अर्णव,

आई गेल्याला आज सतरा दिवस झाले. तेराव्यापर्यंत माणसं येत होती, आता कोणी येत नाही. चिन्मयबाबू रोज सकाळी वर येतात, वर्तमानपत्र वाचून दाखवतात आणि जातात. मी ऐकत नाही हे त्यांना कळतं, तरी वाचतात.

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. तू फाडून टाकणार असशील तर निदान पुढचं पान वाचून मग फाड. ते आईबद्दल आहे.

आधी आकडे, कारण त्यांचं वचन दिलं होतं.

सगळे सतरा डाव भरून झाले ते २१ सप्टेंबरला. महालयाचा रविवार, सकाळचे अकरा वाजले होते. मी तुला तीन डाव राहिले म्हणून लिहिलं त्याच्या चार दिवस आधी. फीत खराब नव्हती. चिन्मयबाबूंचा फोन कधीच हलला नव्हता. शेवटची फेक आईने वाचली, "पाच-पाच", आणि टाळी वाजवली. तुझी फेक सहा वर्षांनी पुन्हा पडली असं तिला वाटलं असावं. मी बटण दाबलं. यंत्राला चार मिनिटं लागली.

तुझ्या चुका बारा, त्यांतली गंभीर एक. माझ्या चुका एकेचाळीस, त्यांतल्या गंभीर नऊ.

नशिबाच्या रकान्यात सामना माझ्या बाजूला झुकलेला आहे. चांगलाच झुकलेला. तुझे शेवटचे पाच-पाच धरूनसुद्धा. तू सतरा डाव वाईट फाशांनी खेळलास आणि एका चांगल्या खेळाडूने खेळावं तसं खेळून सामना दहा-दहापर्यंत आणलास. मी चांगले फासे उधळत तिथपर्यंत आलो. छत्तिसांतल्या चारांची वेळ तुझ्यावर यायलाच नको होती, तू त्याआधीच जिंकायला हवा होतास.

बाराव्या डावाचं वेगळं सांगतो. मी डाव दुप्पट करण्याचा ठोकळा तुझ्यापुढे सरकवला होता. घ्यायचा तर दुप्पट गुणांवर खेळायचं, नाहीतर डाव सोडून द्यायचा. तू दोन मिनिटं विचार केलास आणि सोडलास. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "घाबरला!" फितीत तो आवाज आहे, आणि नंतर पटाच्या कडेला तुझा हात आहे, अगदी स्थिर. यंत्र म्हणतं, सोडणं बरोबर होतं. घेतला असतास तर ती सामन्यातली सगळ्यात मोठी चूक ठरली असती. तू कोलकाता सोडून गेलास तेव्हाही मी सगळ्यांना हेच सांगत फिरलो, पोरगा घाबरून पळाला.

तू चांगला खेळलास. मी वाईट खेळलो.

हे लिहायला मला एकेचाळीस दिवस लागले. चुकाही एकेचाळीस निघाल्या. यात काही अर्थ शोधू नकोस, मीही शोधत नाही.

त्या रविवारी पडद्यावर हे सगळं आलं तेव्हा आई शेजारीच बसली होती. तिला त्या रकान्यांतलं काही कळत नव्हतं. तिने विचारलं, "काय निघालं?" मी म्हणालो, तीन डाव नीट दिसत नाहीत, परत भरावे लागतील. ती पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "बरं," म्हणाली, आणि उठून भिंत धरत धरत आत गेली. त्यानंतर ती फासे वाचायला बसली नाही. मी नको म्हटलं असं तुला लिहिलं होतं, तेही खरं नाही. तिने विचारलंच नाही.

का लपवलं? मी स्वतःला सांगत होतो, पुन्हा एकदा तपासायला हवं. खरंच तपासलं, दोनदा. आकडे तेच आले. मग मला कळलं, की मी तपासत नाहीये, मी लाज वाटून घ्यायचं पुढे ढकलतोय. लहानपणापासून मी ज्या मुलाला खेळ शिकवला तो माझ्यापेक्षा चांगला खेळतो, आणि बहुधा फार आधीपासून. हे एखाद्या बापाला सणासारखं वाटलं असतं. मला तसं वाटलं नाही. वाटलं, आता माझ्याकडे काय उरलं. एवढा कोता मी आहे, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

आता तेरा ऑक्टोबरचा सोमवार.

आदल्या दिवशी आईने दवाखान्यातून तुला फोन केला होता, हे मला माहीत नव्हतं. मी खाली औषधं आणायला गेलो असताना केला असणार. दुपारी एक वाजता मी तिच्या खोलीबाहेर बाकावर डबा उघडून बसलो होतो आणि तू जिन्यातून वर आलास. खांद्याला बॅग, दाढी वाढलेली, अंगाने थोडा भरला आहेस. तू सरळ माझ्याकडे आलास आणि वाकून नमस्कार केलास. मी उठायला हवं होतं. माझ्या मांडीवर डबा होता.

तू म्हणालास, "आई बोलली, बाबा. तुम्ही म्हणालात मी चांगला खेळलो." मग म्हणालास, "थँक यू."

आणि मी म्हणालो, "मी असं म्हणालेलो नाही. अजून दोन डाव राहिलेत."

हे मी का म्हणालो, याचा मी एकोणीस दिवस विचार करतोय. तू वाईट वाटून घ्यावंस असं माझ्या मनात नव्हतं. कोणीतरी माझ्या नावावर एक वाक्य टाकलं होतं, जे मी उच्चारलं नव्हतं, आणि माझ्या तोंडून दुरुस्ती निघून गेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अहवालातल्या चुका काढल्या, तशी. विधान दुरुस्त केलं आणि त्याच वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात धडधडीत खोटं बोललो. दोन डाव राहिले नव्हते. एकही राहिला नव्हता.

तू विचारलंस, "मग आई खोटं बोलली?"

मी म्हणालो, "ते तिला विचार."

तू काही वेळ तिथेच उभा राहिलास. डब्यात काय आहे ते बघत होतास बहुतेक, मुगाची खिचडी होती. मग आत गेलास. वीस मिनिटांनी बाहेर आलास, माझ्यासमोरून गेलास आणि जिना उतरलास. मी हाक मारली नाही. मला वाटलं खाली चहा प्यायला गेलास. खिडकीतून बघितलं तर पिवळ्या टॅक्सीत बसत होतास.

आत तू आईला काय म्हणालास ते मला माहीत नाही. आयामाशी म्हणते, तू काहीच भांडला नाहीस. तिचे केस विंचरून दिलेस आणि सांगितलंस, ऑफिसचं काम आलंय, शनिवारी परत येतो. तू तिला विचारलं नाहीस. ती खोटं बोलली असं मनात घेऊन तू तिचे केस विंचरलेस.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिला जरा हुशारी वाटत होती. उशी उंच करून दिली. तिने विचारलं, "बोललात ना त्याच्याशी?"

मी म्हणालो, "हो."

"काय म्हणालात?"

"चांगला खेळलास, म्हणालो."

ती डोळे मिटून पडली. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडता तिने विचारलं, "चेहरा कसा झाला हो त्याचा?"

अर्णव, मी सांगितलं तिला. आयुष्यात मी कधी गोष्ट रचली नाही, तुला लहानपणी झोपवतानासुद्धा नाही, ते काम तिचं होतं. पण त्या दिवशी मी रचली. मी म्हणालो, आधी त्याला खरंच वाटलं नाही, इकडे तिकडे बघायला लागला. मग कान लाल झाले. मग हसू दाबायला गेला आणि दाबता आलं नाही. ती म्हणाली, "खालचा ओठ चावला असेल." मी म्हणालो, हो, चावला. ती म्हणाली, "रडला का?" मी म्हणालो, थोडासा. मला दिसू नये म्हणून बॅगेत रुमाल शोधत बसला. ती हसली. मग म्हणाली, "शनिवारी आला की पुन्हा एकदा म्हणा. माझ्यासमोर. मला ऐकायचंय."

मी बरं म्हणालो. बुधवारी सकाळी साडेनऊला ती गेली.

निमतला घाटावर तू माझ्या शेजारी दीड तास उभा होतास. विद्युतदाहिनीला रांग होती. आपण दोघांनी मिळून तिला आत नेलं. दीड तास मला होता. तुझ्या हातात कागद होते आणि तू गुरुजींशी बंगालीत बोलत होतास, माझ्यासाठी पाण्याची बाटलीही आणलीस. मी बाटली घेतली. तू तिथूनच विमानतळाला गेलास. तेव्हाही म्हणता आलं असतं. मला वाटलं, आता म्हटलं तर तुला वाटेल, ती गेली म्हणून म्हणतोय, दया करतोय. तेव्हाही मी स्वतःचाच विचार करत होतो.

यंत्राने काढलेला पूर्ण अहवाल सोबत जोडला आहे, तेवीस पानं. वाच किंवा वाचू नकोस. तू ये असं मी म्हणत नाही. ते म्हणण्याची माझी जागा मी घालवली आहे. पण एक गोष्ट तुला कळल्याशिवाय मला हे घर बंद करता येत नाही आणि उघडंही ठेवता येत नाही.

आईला त्या रविवारीच कळलं होतं. यंत्रातले आकडे तिला कळत नव्हते, माझा चेहरा कळत होता, चाळीस वर्षं ती तोच वाचत आली होती. तिने तीन आठवडे वाट बघितली, मी आपणहून म्हणेन म्हणून. मी म्हणालो नाही. मग दवाखान्यात, आपल्याकडे किती दिवस आहेत हे तिला समजल्यावर, तिने तुला फोन केला आणि माझ्या मनात जे होतं ते जसंच्या तसं सांगितलं.

तू त्या दिवशी बाकाजवळ जे विचारलंस त्याचं उत्तर हे आहे. ती खोटं बोलली नव्हती. तिला फक्त माझ्यासारखा थांबायला वेळ नव्हता.

बाबा